अर्धा सेकंद आधी

फोन आला तेव्हा खांब, स्टेजवर पडलेल्या या नावानेच ओळखला जाणारा उंच म्हातारा, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत होता. पलीकडून 'चेंडू' हे नाव ऐकलं आणि हातातला पान्हा त्याने इतक्या जोरात आवळला की नळाचा आटाच गेला. एकोणीस वर्षांत ते नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं. टीव्हीवर तो गोल चेहरा दिसला की आधी रिमोट शोधायचा आणि बाबांकडे बघायचं नाही, एवढं त्याच्या लेकीला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं.

फोनवर एक सिनेमावाली बाई होती, दिग्दर्शिका. तिचा सिनेमा उतरणीला लागलेल्या एका म्हाताऱ्या विनोदी नटावर होता आणि त्या नटाचं काम चेंडू करत होता. निवड अगदी अचूक होती. बारा वर्षं चेंडूला कुणी दारात उभं केलं नव्हतं. या बाईने केलं आणि आता ती डोक्याला हात लावून बसली होती. तिच्या सिनेमातला मुख्य प्रसंग असा, की हा नट भरल्या थिएटरात आपला जुना गाजलेला प्रवेश करतो आणि कुणीच हसत नाही. तीन दिवस ती हे चित्रित करायला धडपडत होती आणि तीनही दिवस लोक हसत होते.

"त्यांना पडताच येत नाही हो," बाई म्हणाली. "मी रद्दड वाक्यं लिहून दिली. ती म्हणतानाही ते काहीतरी करतात. परवा नुसतं कोटाचं बटण लावलं. दीडशे माणसं लोळली. मी ओरडले, तर त्यावरही हसली. निर्माता म्हणतो, उद्यापर्यंत जमलं नाही तर दुसरा नट घ्या. आमच्या मेकअपमनने तुमचं नाव सांगितलं. तो म्हणाला, त्यांना पाडू शकेल असा एकच माणूस जिवंत आहे."

"येतो," खांब म्हणाला.

"तुमचं काम तसं लहानच आहे, म्हणजे पडद्यावर..."

"येतो म्हटलं ना."

लेकीने हे दारात उभं राहून ऐकलं. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि माणसं तोंड मिटून काय लपवतात ते तिला चांगलं कळायचं.

"बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? एकोणीस वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही, त्याच्या मदतीला निघालात?"

"मदतीला कोण जातंय."

"मग कशाला चाललात?"

"एक वाक्य ऐकायचंय त्याच्या तोंडून. चार लोकांसमोर. अर्धा हशा माझा होता, एवढंच. मग मी मोकळा."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर त्याला त्याच्या अर्ध्या हशावर जगून दाखवू दे," खांब म्हणाला आणि मोडलेल्या नळाखाली बादली सरकवली.

आता या दोघांचं वैर समजायचं तर त्यांचा धंदा समजून घ्यायला हवा. चेंडू-खांब ही जोडी बावीस वर्षं स्टेजवर होती. चेंडू बुटका, गोल, एका जागी न ठरणारा. खांब सहा फूट दोन इंच आणि चेहऱ्यावर माशी बसली तरी न हलणारा. त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रवेश फोटोचा. चेंडू पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसायचा, खांब कॅमेऱ्यामागे उभा राहायचा आणि म्हणायचा, "हसू नका." मग चेंडू चेहरा दगडासारखा करायचा. खांब थांबायचा. सगळं थिएटर थांबायचं. आणि मग चेंडूचा डावा गाल हळूच उडायचा, हसू ओठाच्या कोपऱ्यातून निसटायचं, तो ते गिळायचा, ते पुन्हा वर यायचं, आणि लोक खुर्च्यांवरून घसरायचे. हशा ओसरायला लागला की खांब म्हणायचा, "हललात." की पुन्हा हशा.

लोकांना वाटायचं, हे सगळं चेंडूच्या गालात आहे. चेंडूलाही तसंच वाटायचं. पण "हसू नका" म्हटल्यावर किती थांबायचं हे खांब ठरवायचा. मनात एक, दोन म्हणायचा, पण त्याचं 'दोन' घड्याळातलं नव्हतं. तो अंधारात बसलेल्या लोकांचा श्वास ऐकायचा. शुक्रवारच्या दमलेल्या लोकांचं 'दोन' वेगळं, रविवारी जेवून आलेल्यांचं वेगळं. त्या वेळात तो पापणीसुद्धा हलवायचा नाही, कारण स्टेजवर जो हलतो किंवा बोलतो त्याच्याकडे लोकांची नजर जाते. ती नजर त्याने बावीस वर्षं, दर प्रयोगाला, उचलून चेंडूच्या गालावर नेऊन ठेवली.

या प्रवेशात आणखी एक गंमत होती. खांब "हसू नका" म्हणाला की चेंडू प्रेक्षकांकडे बघायचा आणि त्याला म्हणायचा, "पुन्हा सांग. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही." हे लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा खांबाची आई जाऊन चार दिवस झाले होते आणि त्याचा आवाज बसला होता. चेंडूला हे माहीत होतं. तरी तो म्हणाला, लोक हसले, आणि ते वाक्य प्रवेशात कायमचं जाऊन बसलं. त्यानंतर प्रत्येक प्रयोगात खांबाने ते ऐकलं आणि प्रत्येक प्रयोगात "हसू नका" पुन्हा, मोठ्याने म्हटलं.

हेही त्याने पोटात घातलं असतं. पण मग चेंडूची टीव्हीवर मुलाखत झाली. मुलाखतकाराने विचारलं, तुमच्या यशात खांबाचा वाटा किती? चेंडू हसला आणि म्हणाला, "चेंडू कशावरही आपटा, उसळतोच. खांब काय, भिंत काय." मुलाखतकार खो खो हसला. खांब घरी बायको आणि लेकीच्या मधे बसून हे बघत होता. बायकोने टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग होता, त्याला खांब गेला नाही. नंतरही कधी गेला नाही. चेंडूने दुसरे तीन खांब उभे करून बघितले, पण एकही टिकला नाही. हळूहळू प्रयोग थांबले, मग सिनेमातली कामं थांबली, आणि चेंडूने सगळ्यांना सांगितलं की हल्ली लोकांना विनोद कळत नाही.

शूटिंग एका बंद पडलेल्या थिएटरात होतं. सकाळी नऊला खांब पोचला तेव्हा मेकअपच्या खोलीत चेंडू आरशासमोर बसला होता. गोलपणा सगळा ओघळून गळ्याखाली जमा झाला होता. केस काळे केले होते, पण कानामागे पांढरे राहिले होते. खांबाला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची त्याला मुळीच लाज वाटली नाही.

चेंडूने त्याला आरशातच बघितलं.

"यांना सांगा," तो मेकअपमनला म्हणाला, "इथली खुर्ची कलाकारांसाठी आहे."

"त्यांना सांगा," खांब म्हणाला, "मला उभं राहायची सवय आहे."

मेकअपमन म्हातारा आणि शहाणा होता. त्याने तोंडात पिन धरली आणि दोघांनाही काही सांगितलं नाही.

"मला पाडायला बोलावलंय म्हणे यांना," चेंडू आरशाला म्हणाला. "हातात सोटा दिला तरी यांना जमायचं नाही. बावीस वर्षं माझ्या जिवावर टाळ्या खाल्ल्या, आता शेवटचा घास खायला आलेत."

"टाळ्या तू खाल्ल्यास. मी वाढत होतो," खांब म्हणाला. हे मात्र तो सरळ चेंडूला म्हणाला, आणि चेंडूचा डावा गाल किंचित उडाला. हसण्यामुळे नव्हे.

"एक गोष्ट कबूल कर," खांब पुढे म्हणाला. "अर्धा हशा माझा होता. बाहेर जाऊन त्या बाईसमोर म्हण. मी आल्या पावली परत जातो. मग तू आणि तुझा सिनेमा."

चेंडू खुर्चीतच वळला. एकोणीस वर्षांनंतर पहिल्यांदा त्याने खांबाच्या डोळ्याला डोळा दिला.

"तुझा?" तो म्हणाला. "तू एवढी वर्षं माझ्या शेजारी उभा होतास आणि अजून तुला कळलं नाही की लोक तुला बघतच नव्हते?"

खांब बाहेर पडला. जिन्यात थांबून त्याने दीर्घ श्वास घेतला, कारण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता आणि थरथरत्या माणसाला वेळ साधत नाही.

थिएटरात दीडशे माणसं बसली होती. प्रेक्षक म्हणून बसायला आणलेली, चौथ्या दिवसाला वैतागलेली. दिग्दर्शिका त्यांना हात जोडून सांगत होती की आज कृपा करून हसू नका, ओठ चावा, मांडीला चिमटा काढा, घरातली भांडणं आठवा, पण हसू नका.

"बाई," खांब तिला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बंद करा. माणसाला हसू नको म्हटलं की त्याला हसूच येतं. आमच्या अख्ख्या प्रवेशात तेवढंच आहे. त्यांना सांगा, हसा. खुशाल हसा, पोट धरून हसा."

"आणि हसले तर?"

"नाही हसणार."

तिने त्याच्याकडे बघितलं. तीन दिवसांत तिची झोप उडाली होती, नाक वाहत होतं, आणि हरलेला माणूस ऐकतो तसं तिने ऐकलं. दीडशे लोकांना सांगण्यात आलं की आज सगळी मोकळीक आहे. लोक सैलावून बसले. कुणी घसा खाकरला. खांबाने तो श्वास ऐकला, जुना, ओळखीचा, आणि त्याला कळलं की आजचं 'दोन' बऱ्यापैकी लांब आहे.

चेंडू आला, स्टुलावर बसला. खांब कॅमेऱ्यामागे उभा राहिला. समोर खरे कॅमेरे सुरू झाले.

"हसू नका," खांब म्हणाला.

चेंडूने चेहरा दगड केला. अजूनही तो चेहरा मोठा पक्का होता, हे खांबाला मान्य करावं लागलं. लोक पुढे सरकले. एक. चेंडूच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. आणि गाल उडणार, त्याच्या बरोबर अर्धा सेकंद आधी, खांब म्हणाला, "हललात."

दीडशे माना खांबाकडे वळल्या. चेंडूचा गाल उडाला तो कुणी बघितलाच नाही. माना परत वळल्या तेव्हा स्टुलावर एक म्हातारा नुसता ओठ मुडपत होता. कुणी हसलं नाही.

चेंडू मुरलेला माणूस. त्याने लगेच दुसरा डाव टाकला, हसू गिळलं, खांदे उडवले. खांबाने त्याच क्षणी कॅमेऱ्यावरचं काळं कापड झटकलं. नजरा कापडाकडे गेल्या. चेंडूने कोटाचं बटण लावलं. खांबाने खोकला काढला. त्यात आरडाओरडा नव्हता, धसमुसळेपणा नव्हता. बघणाऱ्याला वाटलं असतं, एक म्हातारा फोटोवाला आपलं काम करतोय आणि समोरच्या नटाचं काहीच जमत नाही.

शेवटी चेंडूने आपली हुकमी गोष्ट काढली. प्रेक्षकांकडे वळला, भुवया चढवल्या आणि म्हणाला, "पुन्हा सांग. मागच्या..."

"हसू नका," खांबाने सांगून टाकलं.

वाक्य अर्ध्यातच मेलं. थिएटरात पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. दीडशे माणसं, ज्यांना हसायची पूर्ण मुभा होती, ती गप्प बसून त्याच्याकडे बघत होती. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने संकोचून खाली मान घातली. चेंडूच्या कपाळावर घाम फुटला, काळा रंग कानामागून ओघळला, आणि त्याने खांबाकडे बघितलं. खांब हलला नाही. आता हलायची गरजच नव्हती.

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. ती धावत स्टेजवर चढली, खांबाच्या समोरून तशीच पुढे गेली आणि तिने चेंडूचे दोन्ही हात धरले.

"काय केलंत हे तुम्ही? ही शांतता कुठून आणलीत? तीन दिवस मी हेच मागत होते. याला म्हणतात अभिनय."

तिच्या मागे कॅमेरावाला टाळ्या वाजवायला लागला, मग प्रकाशवाले, मग ते दीडशेच्या दीडशे लोक. खांब कॅमेऱ्याच्या तीन पायांशेजारी चौथा पाय होऊन उभा राहिला. या माणसाचं पडणंसुद्धा याचंच निघालं. त्याला मारलं तरी टाळी त्यालाच.

चेंडूने तोंड मिटून घेतलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. काम टिकलं होतं, वाहवा झाली होती, कदाचित बक्षीसही मिळालं असतं. कुठल्याही शहाण्या माणसाने मान झुकवून धन्यवाद म्हटले असते. पण चेंडूच्या अंगाची आग आग होत होती. दीडशे लोकांसमोर आपण हसवू शकलो नाही आणि हे त्याबद्दल टाळ्या वाजवतायत, हे त्याच्या पचनी पडेना. त्याने बाईचे हात झटकले.

"कसला अभिनय? मी पडलो नाही. मी असा पडत नसतो. मला पाडलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? डोळे फुटलेत का तुमचे? हा बघा, हा इथे उभा होता." त्याने खांबाकडे बोट दाखवलं. "माझा गाल उडायच्या अर्धा सेकंद आधी हा बोलला. मुद्दाम. तुम्ही सगळे याच्याकडे बघायला लागलात, मग माझा गाल बघणार कोण? खांदे उडवले तर यानं कापड झटकलं. बटण लावलं तर खोकला. चोर आहे हा. बावीस वर्षं याच जागी उभा राहून हा बरोबर थांबायचा. मी फुटेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. शुक्रवारी वेगळा थांबायचा, रविवारी वेगळा थांबायचा. त्या दुसऱ्या तिघांना घसा फोडून शिकवलं, एकाला म्हणून जमलं नाही. हा थांबायचा म्हणून तर लोक..."

आणि तिथे तो थांबला. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

थिएटरात पुन्हा तीच शांतता पसरली. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. दिग्दर्शिका नाक पुसायचं विसरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. खांबाने त्या शांततेतला श्वास ऐकला. एक. दोन. अगदी सावकाश त्याने तोंड प्रेक्षकांकडे वळवलं, भुवया चढवल्या, ज्या त्याने स्टेजवर आयुष्यात कधी चढवल्या नव्हत्या, आणि म्हणाला,

"पुन्हा सांग. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

हशा असा फुटला की वरच्या सज्जातून धूळ पडली. दीडशे माणसं कोंडलेली होती, ती एकदम मोकळी झाली. तिसऱ्या रांगेतली बाई डोळे पुसत होती. प्रकाशवाला शिडीला धरून हसत होता. खांबाच्या नावावर आयुष्यात एकही हशा नव्हता. हा पहिलाच. तो त्याच्या छातीवर येऊन आदळला.

मग त्याने चेंडूकडे बघितलं. चेंडू बोट तसंच उगारून उभा होता. हलत नव्हता. पापणीही लववत नव्हता. नजर खांबावर रोखलेली, म्हणजे बघणाऱ्यांचीही तिथेच राहावी. तो हशा सहज मोडू शकला असता. एक खोकला पुरला असता आणि ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण तो थांबला होता. यात माया नव्हती, डोळ्यांत तर नुसता विखार होता. पण अंगात भिनलेला धंदा वैरालाही जुमानत नाही. हशा वर गेला, लांबला, ओसरायला लागला, आणि बरोबर जिथे बोलायला हवं तिथे चेंडू बोलला.

"हा थांबायचा म्हणून लोक हसायचे."

मोठ्याने, स्वच्छ, मागच्या रांगेपर्यंत. आता कुणी हसलं नाही.

"झालं समाधान?" चेंडू खालच्या आवाजात म्हणाला. "आता सुखानं मर."

"आधी तू," खांब म्हणाला.

दिग्दर्शिकेला या दोघांत काय झालं ते पूर्ण कळलं नव्हतं, पण तिला तिचा सिनेमा कळत होता. तिने नाक पुसलं आणि वहीत काहीतरी बघितलं.

"मगाचचं उत्तम झालंय," ती सवयीने चेंडूकडे वळून म्हणाली. "पण मला तेच पुन्हा लागेल. तुमच्या चेहऱ्याच्या जवळून, मग डावीकडून, मग लोकांच्या मागून. जसंच्या तसं जमेल ना?"

चेंडू स्टुलावर जाऊन बसला होता. मेकअपमन त्याच्या कानामागचा रंग पुसत होता. चेंडूने मान वर केली नाही.

"त्याला विचारा," तो म्हणाला.

बाई वळली. पहिल्यांदा तिने खांबाकडे नीट, वर मान करून बघितलं. मेकअपमनचा हातही थांबला. खांबाने कॅमेऱ्यावरचं काळं कापड सरळ केलं, आपल्या जागेवर पाय रोवले आणि मनात एक, दोन मोजलं.

"कितीही वेळा," तो म्हणाला.